आजोबांची साक्ष

२०२३ सालच्या डिसेंबरमधली गोष्ट. आमच्या गावाकडचा एक तरुण माझ्याकडे आला. चोवीस-पंचवीस वर्षांचा असेल. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक जुना कागद. पाणी प्यायला आणि म्हणाला, "काका, घरात सगळ्या पेट्या उचकल्या, तेव्हा हा सापडला. उर्दूत हाय. तालुक्याला वाचणारे दोघंच, आन् त्यांच्याकडं महिनाभराची रांग. आमचा आजा सांगायचा, तुमच्या आज्याला उर्दू यायचं. तुम्हाला बी येत असंल."

तो काळ तुम्हाला आठवत असेल. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने सेवानिवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदपत्रांत कुणाच्या पूर्वजाची 'कुणबी' अशी नोंद आहे का, याचा शोध सुरू झाला होता. पंचाहत्तर वर्षे ज्या कागदांकडे कोणी पाहिले नव्हते, त्यांवरची धूळ अचानक झटकली जाऊ लागली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना मान आला. एका शब्दावर घराघरांतल्या मुलांची फी, वसतिगृह, नोकरीचा अर्ज असे सगळे येऊन ठेपले होते.

मी चष्मा लावला, कागद उलगडला. स्टॅम्पचा कागद, घड्यांवर फाटलेला, शाई तपकिरी झालेली. सन १३५२ फसली. फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येते. म्हणजे १९४२-४३. मजकूर गहाणखताचा होता. मी ओळीवर बोट ठेवून वाचत खाली गेलो. शेवटी 'गवाह' म्हणजे साक्षीदार असे लिहिले होते आणि त्याखाली सही होती. ती सही माझ्या आजोबांची होती.

कागदात त्या मुलाला हवा असलेला शब्द होता की नव्हता, ते मी शेवटी सांगेन. आधी त्या सहीविषयी बोलू द्या.

माझे आजोबा शेतकरी होते. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, नळदुर्गपासून दोन कोसांवर आमचे गाव. बावीस एकर जमीन, त्यातली निम्मी मुरमाड. एक विहीर, एक मोट, दोन बैल. आजोबांचा जन्म १९१० च्या आसपासचा. तारीख कोणाला ठाऊक नाही. त्यांची आई सांगायची, "ज्वारी हुरड्याला आली होती." आमच्याकडे माणसांचे वाढदिवस असेच पिकांवरून लक्षात ठेवत.

घरात आम्ही दखनी बोलायचो आणि उंबरा ओलांडला की मराठी. बैलांशी मात्र आजोबा मराठीतच बोलत. मी लहानपणी विचारले होते, "दादा, बैल मराठी का?" ते म्हणाले, "बैल बाजारात घेतले तेव्हाच मराठी होते. आता म्हातारपणी त्यांना दुसरी बोली कशाला शिकवू?"

पहाटेची नमाज ते बहुधा शेतातच पढत. विहिरीच्या कडेला, बांधावर, खांद्यावरचे उपरणे अंथरून. पेरणीच्या दिवशी चाड्यावर मूठ धरण्याआधी 'बिस्मिल्ला' म्हणत. शेजारच्या शेतातले आबा त्याच वेळी काळ्या आईला नारळ फोडत. मग आबा खोबऱ्याचा तुकडा बांधावरून इकडे देत. नळदुर्गच्या खंडोबाची यात्रा असो की उस्मानाबादच्या ख्वाजा शमसुद्दीन गाझींचा उरूस असो, दोघे एकाच बैलगाडीतून जात. गाडी आबांची, बैल आमचे. याला त्या काळी कोणी सलोखा वगैरे म्हणत नसे. एका घरची गाडी आणि दुसऱ्या घरचे बैल असले म्हणजे माणसे असेच वागतात.

मी आणलेल्या त्या मुलाची ओळख करून द्यायची राहिली. तो या आबांचा पणतू.

आता उर्दूचे सांगतो. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद असे पाच मराठी जिल्हे. संस्थानाच्या कारभारात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे फारसीच्या जागी उर्दू आली. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. लोक बोलत मराठी, तेलुगू, कन्नड. पण कचेरीतला हुकूम, कोर्टातला निकाल आणि खरेदीखताचा मजकूर उर्दूत. महिने आजूर, बहमन, तीर, आबान असे. रुपयाही वेगळा, हाली शिक्क्याचा. सात हाली रुपये दिले की इंग्रजी सहा मिळत. आमच्या गावाहून सोलापूर एक दिवसाच्या बैलगाडीच्या वाटेवर, पण ते इंग्रजी मुलखात. तिकडे बाजाराला गेलेला शेतकरी एका दिवसात दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या पैशात आणि दुसऱ्या सनात जाऊन येई.

राजाची भाषा उर्दू म्हणून गावातले सगळे मुसलमान उर्दूत तरबेज असतील, असे अनेकांना वाटते. तसे नव्हते. आमच्या गावात मुसलमानांची सतरा घरे. पिंजारी, तांबोळी, मुलाणी आणि आम्ही शेतकरी. उर्दू वाचता येणारे फक्त माझे आजोबा. त्यांच्या मामांनी त्यांना नळदुर्गला ठेवून घेतले आणि तिथल्या तहतानिया मदरशात, म्हणजे प्राथमिक शाळेत, चार इयत्ता शिकवले. पुढे वडील वारले, औत हाकायला माणूस उरला नाही, शाळा सुटली. चार इयत्तांचे हे भांडवल त्यांनी आयुष्यभर गावासाठी वापरले.

कचेरीतून कागद आला की लोक आमच्या ओसरीवर येत. मराठे येत, धनगर येत, महारवाड्यातले येत. तेही ओसरीवर बसत. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. आजोबा हात धूत, कागद मांडीवर ठेवत आणि आधी एकदा मनात वाचत. मग मोठ्याने मराठीत सांगत. पैसे घेत नसत. फार तर कोणी शेंगा आणून द्यायचे. एक नियम मात्र पक्का होता. जे लिहिले आहे तेवढेच सांगायचे. त्यात स्वतःचा सल्ला मिसळायचा नाही, ऐकणाऱ्याला बरे वाटावे म्हणून शब्द मऊ करायचा नाही. मला अलीफ-बे शिकवताना ते हेच म्हणायचे, "जो लिखेला है वोच पढना, बेटा."

आता १३५२ फसलीचा तो कागद. आबांनी थोरल्या मुलीच्या लग्नासाठी सावकाराकडून तीनशे हाली रुपये घ्यायचे ठरवले. बदल्यात विहिरीखालची सहा एकर जमीन गहाण. कागद तयार झाला आणि अंगठा उठवायला आबांना बोलावणे आले. आबा आजोबांना बरोबर घेऊन गेले. शाईची डबी उघडलेली, आबांचा अंगठा पुढे आलेला. आजोबा म्हणाले, "थांबा, मी एकदा वाचतो." आणि वाचता वाचता एका शब्दावर थांबले. तोंडी बोलणे झाले होते ते 'रहन'चे. रहन म्हणजे गहाण. कागदावर लिहिले होते 'बैनामा'. बैनामा म्हणजे विक्रीखत. तीनशे रुपयांत सहा एकर बागायत कायमची जात होती.

आजोबा मोठ्याने काही बोलले नाहीत. आबांना एवढेच म्हणाले, "यात विकली असं लिहिलंय." आबांनी अंगठा मागे घेतला. सावकार म्हणाला, लिहिणाऱ्याची चूक. असेलही. नवा कागद झाला, त्यात 'रहननामा' आले आणि साक्षीदार म्हणून आजोबांनी सही केली. ही हकिकत आमच्या घरात आणि आबांच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की मला ती पाठ होती. तो कागद मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होतो.

यापुढचा भाग सांगायला अवघड आहे. पण जे लिहिले गेले तेच वाचायचे, असा घरचा नियम असल्यामुळे तो गाळता येत नाही.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. निजामाने भारतात सामील व्हायचे नाकारले. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा सुरू होता, सोलापूरच्या हद्दीवर तरुणांच्या छावण्या पडल्या होत्या. दुसरीकडे लातूरचे वकील कासिम रझवी यांची रझाकार संघटना माजली होती. सरहद्दीवरची गावे दोन्हींच्या मधे सापडली. रझाकारांनी गावे लुटली, माणसे मारली. शेकडो कुटुंबे हद्द ओलांडून सोलापूरकडे गेली.

१९४८ च्या उन्हाळ्यात एका रात्री आमच्या गावात रझाकार आले. आबांचा मुलगा हद्दीवरच्या छावणीत भाकरी पोचवतो, अशी त्यांना खबर होती. त्यांनी आबांना वाड्याबाहेर ओढून मारले, धान्याचे पेव फोडले, बैल सोडून नेले. आमचे घर तिथून चाळीस पावलांवर. आजोबा जागे होते. त्यांनी दाराला आतून कडी घातली आणि ती रात्रभर काढली नाही.

हे मला त्यांनीच सांगितले. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो आणि नव्या नव्या कविता लिहीत होतो. जुलूम, क्रांती, मशाल असे शब्द त्यांत भरपूर होते. त्यांना मी एक कविता वाचून दाखवली. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "अच्छा है. पण त्या रात्री मी कडी काढली नव्हती. तेही कधी लिही." मला काय बोलावे सुचले नाही. ते उठून बैलांना कडबा टाकायला गेले.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. सोलापूरकडून निघालेली मुख्य तुकडी पहिल्याच दिवशी नळदुर्गला पोचली आणि बोरी नदीवरचा पूल तिने ताब्यात घेतला. रणगाड्यांचा आवाज आमच्या शिवारात ऐकू आला. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. पाच दिवसांत सव्वादोनशे वर्षांची राजवट संपली. लोकांनी गुढ्या उभारल्या, आणि उभारायलाच हव्या होत्या. रझाकारांच्या दहशतीतून लक्षावधी माणसे सुटली होती.

पण त्याच दिवसांत आणि त्यानंतरच्या आठवड्यांत आणखी काही घडत होते. रझाकार बरेचसे पळाले, लपले, पकडले गेले. सूड उगवला तो गावात मागे राहिलेल्यांवर. पिंजाऱ्यावर, तांबोळ्यावर, शेतकऱ्यावर. पंतप्रधान नेहरूंनी त्या वर्षाच्या अखेरीस पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्यासह एक सदिच्छा मंडळ संस्थानात पाठवले. मंडळाने गावोगाव फिरून अहवाल दिला. अगदी कमीत कमी धरले तरी सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव होते. रझाकारांनी आधी केलेल्या अत्याचारांची नोंदही त्यात आहे. हा अहवाल अनेक दशके प्रसिद्धच झाला नाही. २०१३ साली दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो लोकांना पाहता येऊ लागला.

मी तो वाचला तेव्हा आकड्यांपाशी थांबलो नाही. आकडे माणसाला बधिर करतात. मी थांबलो ते एका निरीक्षणापाशी. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवले आणि त्यासाठी स्वतः जबर किंमत मोजली, असे त्या मंडळाने नोंदवले आहे. एका व्यवसायाची माणसे एकमेकांसाठी उभी राहिली. विणकरांचे मला ठाऊक नाही. शेतकऱ्यांचे ठाऊक आहे, कारण माझे वडील तेव्हा सहा वर्षांचे होते आणि आबांच्या गोठ्यावरच्या माळ्यावर लपले होते.

पलीकडच्या गावांतून जमाव येतोय, अशी बातमी आली तेव्हा आबा स्वतः आमच्या दारात आले. उन्हाळ्यातल्या माराने त्यांचा डावा हात अजून नीट वर होत नव्हता. त्यांनी आजी, माझे वडील आणि दोन आत्यांना आपल्या घरी नेले. आबांच्या बायकोने आजीला आपले लुगडे नेसवले आणि कपाळाला कुंकू लावले. आजोबांना त्यांनी खरिपाच्या उभ्या ज्वारीत बसवले. तीन दिवस आणि तीन रात्री. उत्तरा नक्षत्र लागले होते, अधूनमधून पाऊस होता. आबांचा मुलगा वैरणीच्या भाऱ्यातून भाकरी नेऊन देई. तोच मुलगा, जो आधी हद्दीवरच्या छावणीत भाकरी पोचवायचा.

जमाव आला तेव्हा आबा पारावर बसून होते. ते फार काही बोलले नाहीत, असे आजी सांगायची. इथे आमच्या गावचे लोक राहतात, तुम्ही तुमच्या गावाला जा, एवढेच म्हणाले. पारावर त्यांच्याबरोबर आणखी पंधरा-वीस माणसे होती. त्यांतले बहुतेक जण कधी ना कधी आमच्या ओसरीवर कागद घेऊन बसलेले होते.

ज्वारीतून बाहेर आल्यावर आजोबांनी आबांना त्या उन्हाळ्यातल्या रात्रीचे विचारले. "मी कडी काढली नाही, तुम्हाला माहीत होतं?" आबा म्हणाले, "माहीत होतं. तुझ्या घरात लेकरं होती." त्या दोघांत हा विषय पुन्हा निघाला नाही.

आमचे गाव वाचले. आजोबांचा धाकटा भाऊ वाचला नाही. बायकोला आणायला तो सासुरवाडीला गेला होता, तिथून परतलाच नाही. अठ्ठावीस वर्षांचा होता. रझाकारांशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याला मोटेवर गाणी म्हणायचा नाद होता. त्याचे काय झाले, कुठे झाले, ते सांगायला कोणी आले नाही. त्याला कबर नाही. तो गेल्याची तारीखही नाही.

लहानपणी मी पाहिलेली गोष्ट आता सांगतो. १७ सप्टेंबरला आमच्या शाळेत झेंडावंदन व्हायचे. मराठवाडा मुक्तिदिन. आजोबा पहाटे उठून अंघोळ करत, धुतलेला पटका बांधत आणि आबांबरोबर शाळेत येऊन पुढच्या रांगेत उभे राहत. झेंड्याला सलाम करत. गुरुजी भाषणात रझाकारांचे अत्याचार सांगत, तेव्हा मान खाली न घालता ऐकत. संध्याकाळी मला घेऊन शेतात जात. बांधावर लोबान लावत, फातिहा पढत आणि मलिद्याचा एक घास मातीवर ठेवत. भावाच्या मृत्यूची तारीख ठाऊक नव्हती, म्हणून त्यांनी लक्षात राहील अशी हीच धरली होती. सकाळचा झेंडा आणि संध्याकाळची फातिहा, दोन्ही एकाच दिवशी. माझ्या बालबुद्धीला त्यात काही वावगे वाटले नाही. पुढे शहरात शिकायला गेल्यावर मला अशी माणसे भेटली, जी त्या दिवसाचे एकच पान वाचतात. काही जण सकाळचे, काही जण संध्याकाळचे. दोन्ही पाने वाचणारा मी पाहिलेला पहिला माणूस चौथी शिकलेला शेतकरी होता.

पाकिस्तानात जाण्याविषयी कोणी विचारले की आजोबा म्हणत, "जमीन कशी नेऊ?"

राजवट बदलली तशी कागदांची भाषाही बदलली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. पण त्याच्या आधीपासूनच मराठीत कागद येऊ लागले होते. गावचा लिहिणारा-वाचणारा माणूस एका रात्रीत अडाणी झाला. आजोबा जन्मभर मराठी बोलले होते, पण देवनागरी अक्षर त्यांना येत नव्हते. माझे वडील तेव्हा दुसरीत होते. रोज रात्री कंदिलाच्या उजेडात चाळिशीतला बाप आठ वर्षांच्या पोरापुढे पाटी घेऊन बसू लागला. उजवीकडून डावीकडे लिहायची सवय मोडेना. 'क' लिहिताना हात आपोआप उजवीकडून सुरू व्हायचा. वडील लहान होते, हसायचे. आजोबाही हसायचे, पाटी पुसायचे आणि पुन्हा लिहायचे. दोन हिवाळे गेले. मग एके दिवशी कोणाचा तरी मराठी कागद आला आणि तो आजोबांनी ओसरीवर वाचून दाखवला. बोट ठेवून, अडखळत, पण बरोबर.

त्यांच्या आयुष्यात पुढे मोठे असे काही घडले नाही. १९७२ चा दुष्काळ आला. विहीर आटली, बैल विकावे लागले. साठी उलटलेले आजोबा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले. तिथे हजेरीपटावर अंगठे उठवणाऱ्या बायकांना ते त्यांची हजेरी मोजून सांगत, म्हणून मुकादम त्यांच्यावर चिडून असे. मिलोची लाल भाकरी खाऊन ते साल निघाले. पुढच्या पावसाला त्यांनी उसनवारीच्या बैलांवर पेरणी केली. बैल आबांच्या घरचे होते.

आम्हा नातवंडांवर त्यांचा फार जीव. मला खांद्यावर बसवून ते शेतात नेत आणि कुळवलेल्या मऊ मातीत काडीने उर्दू अक्षरे काढून दाखवत. ख आणि ज यांच्यात फक्त एका टिंबाचा फरक. टिंब वर दिले तर 'खुदा', खाली दिले तर 'जुदा'. "एक नुक्ता," ते म्हणायचे, "एका नुक्त्यावर माणसाची जमीन जाते." मी मराठीत कविता लिहितो याचा त्यांना आनंद होता. मुसलमान असून मराठीत का लिहिता, हा प्रश्न मला पुढे खूप जणांनी विचारला. आजोबांना तो पडला नाही. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मातीत काढलेली ती अक्षरे नसती, तर त्या डिसेंबरात मला तो कागद वाचता आला नसता.

१९८८ च्या उन्हाळ्यात ते गेले. पेरणीसाठी निवडलेले बी शेवटच्या आठवड्यातही त्यांनी हातात घेऊन पाहिले होते. मयतीला सगळा गाव आला. आबा त्यांच्या दोन वर्षे आधी गेले होते, तेव्हा आजोबांनी खांदा दिला होता. आता आबांच्या मुलाने आजोबांना दिला.

आता त्या मुलाकडे वळतो. तो माझ्यासमोर बसून होता आणि मी वाचत होतो. कागदात आबांचे नाव होते, वडिलांचे नाव होते, गाव होते. पुढे लिहिले होते, 'कौम मरहटा, पेशा काश्तकारी'. जात मराठा, व्यवसाय शेती. त्याला हवा असलेला शब्द तिथे नव्हता.

मी सांगितले. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, नीट बघा. एखादं अक्षर पुसलं असंल." मी भिंग आणले. खिडकीच्या उजेडात पुन्हा पाहिले. मनापासून सांगतो, तो शब्द तिथे असावा असे मला त्या क्षणी फार वाटत होते. ज्यांच्या माळ्यावर माझे वडील वाचले, त्या घरातला हा मुलगा. पण अक्षरे स्पष्ट होती. मी म्हणालो, "नाही बाळा. मराठा असंच आहे." आबांपुढे 'यात विकली असं लिहिलंय' म्हणताना आजोबांचा आवाज कसा झाला असेल, ते मला तेव्हा कळले.

त्याने मान हलवली. "दुसरीकडं बघतो. आत्याकडं अजून एक पेटी हाय," म्हणाला आणि कागद घडी करायला लागला. तेव्हा मला मागच्या बाजूला काही लिहिलेले दिसले. मी कागद पुन्हा मागून घेतला आणि उलटा केला. मागे कर्ज फिटल्याची नोंद होती, मराठीत. पैसे पोचले, जमीन मोकळी झाली, सन १९५४. त्याखाली पुन्हा साक्षीदाराची सही.

"हे तुला वाचता येईल," मी म्हणालो.

तो वाकला. अक्षरे मोठाली, वेडीवाकडी होती, पहिलीतल्या पोराने काढावीत तशी. काना कुठे लांब, कुठे आखूड. त्याने बोट ठेवून, अडखळत, माझ्या आजोबांचे नाव मोठ्याने वाचले.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)